हिरवा ठिपका

आबांची लेक दारात उभी राहिली तेव्हा तिच्या मुठीत एक काड्यापेटी होती.

"ही मी त्यांच्या खिशातून काढून आणली," ती म्हणाली. "पण काड्यापेट्या दुकानात आणखी मिळतात."

वहिनींनी तिला खुर्ची दिली. तीस वर्षं प्रयोगशाळेत पुरावे तपासून त्या निवृत्त झाल्या, आणि मग लोक घरी येऊ लागले. त्यांचे धाकटे दीर, सगळ्यांचे भावजी, टिपणं काढत. आपलं अक्षर डोक्यापेक्षा चांगलं आहे, असं ते स्वतःच म्हणत.

"आबा उद्या सकाळी त्यांच्या चाळीस मधपेट्या जाळणार आहेत," लेक म्हणाली.

हकिगत थोडक्यात अशी. या डोंगरातल्या मधपाळांना माशा आणि राण्या आबाच पुरवत, सल्लाही तेच देत. त्यांच्या मंडळाचा नियम होता: घाटापलीकडून माशी आणायची नाही. दोन दिवसांपूर्वी मंडळाच्या खोलीमागच्या सामायिक पेटीत अळ्या सडलेल्या सापडल्या. पेटी जाळली, राणी तेवढी स्पिरिटच्या बाटलीत ठेवली. तिच्या पाठीवर गेल्या वर्षाच्या रंगाचा, हिरवा ठिपका होता. म्हणजे राणी गेल्या वर्षीची, आणि म्हणजे आबांची.

"प्रयोगशाळेचा अहवाल यायला पंधरा दिवस लागतील. फुलोरा चार दिवसांवर आलाय. माशा बाहेर पडल्या की रोग घरोघरी जाईल. जिथून रोग आला त्या पेट्या जाळायच्या, असा ठराव झाला. पहिला हात आबांनीच वर केला."

"त्यांना स्वतःच्या पेट्यांत रोग दिसला?"

"नाही. पण म्हणतात, माझ्या न दिसण्याला काय किंमत?"

वहिनींनी काड्यापेटी आपल्या पिशवीत टाकली. "चला, भावजी."

आबांच्या खोलीत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. आबांनी हात धुऊन, पंच्याला स्वच्छ पुसून पाहुण्यांसाठी दाराबाहेरची एक पेटी उघडली. पोळ्याची चौकट उचलण्याआधी ते वाकले आणि त्यांनी लांब श्वास घेतला.

"आधी वास, मग नजर. सगळ्यांना हेच शिकवत आलो."

खिडकीत बोटभर उंचीच्या, रंगाच्या पाच बाटल्या होत्या. तिघींच्या गळ्यात दोरा: एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला पाच. उरलेल्या दोघींचे गळे मोकळे.

"गाठी कोणी मारल्या?"

"हिच्या आईनं," आबांनी दारातल्या लेकीकडे पाहिलं. "राण्यांना ठिपके तीच द्यायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

"मग गेल्या वर्षी?"

"मीच दिले. दुसरं कोण आहे?"

"ती हिरवी बाटली जरा देता?"

आबांचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला. "तुम्हीच घ्या. माझ्या हाताला मध लागलाय."

भावजींनी टिपून घेतलं: पाच बाटल्या, तीन दोरे.

मंडळाच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता होता. पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा; मग पुन्हा पांढरा. निळ्याखाली 'यंदा' असं लिहिलं होतं.

"तक्ता मीच रंगवला," सचिव म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि बोलणंही मोजून दिलेल्या औषधासारखं. "दर वर्षाचा एक रंग. ठिपका बघितला की राणीचं वय कळतं."

"तुमच्याकडे आबांची गेल्या वर्षीची राणी आहे?"

"नाही. माझ्या सगळ्या त्याआधीच्या. दुकान सांभाळून नव्या पेट्यांना वेळ कुठला?"

"आणि सामायिक पेटी?"

"ती आबांनीच भरून दिली, गेल्या वर्षीच्या राणीसकट. देखभाल पाळीनं. आधी सुतार, मग शिक्षिका, थंडीपासून मी. आबा माझे गुरू आहेत हो. पण नियम मीच लिहिलाय, मागे कसा घेऊ?"

वहिनींनी भिंगातून बाटलीतली राणी पाहिली. ठिपका हिरवा होता, गोल आणि नेटका.

सुतार रंधा मारता मारता बोलला. "माझी राणी? लाल टोपी घालून मिरवते. घरात एकच राणी असते, असं बायकोला सांगून ठेवलंय, तेव्हा हळू बोला."

"गेल्या वर्षीचीच ना?" भावजींनी विचारलं.

"तर. पेटीच्या बुडाला तारीख कोरलीय माझ्या हातानं."

"सामायिक पेटीतल्या राणीचा ठिपका सचिवांनी हिरवा नोंदलाय."

रंधा थांबला. "हिरवा नोंदलाय ना? बरं केलं." मग तो पुन्हा कामाला लागला.

शिक्षिकेनं तोंडावर जाळी घालून आपली पेटी उघडली. गेल्या वर्षीची राणी चौकटीवर सावकाश चालत होती. पाठीवर लाल ठिपका. बाईंनी चौकट घाईनं आत सरकवली.

"आबांना यातलं काही सांगू नका," त्या म्हणाल्या.

वाटेत भावजी फुरफुरले. "गेल्या वर्षाचा रंग हिरवा. या दोघांकडे लाल. दोघं जुन्या राण्या नव्या म्हणून दाखवताहेत, वहिनी. संगनमत आहे."

"भावजी, दोघं मिळून खोटं बोलताहेत, की एकानं नीट बघितलंच नाही?"

भावजींनी तेही टिपून घेतलं. अर्थ लागला नाही.

दुपारी सगळे मंडळाच्या खोलीत जमले. आत शिरण्याआधी वहिनी आबांना बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. सांगा म्हणून आबांनी मान हलवली.

"ही राणी आबांची नाही," वहिनींनी बाटली टेबलावर ठेवली. "कारण हिचा ठिपका बरोबर आहे."

सुतारानं बाटलीकडे वाकून पाहिलं.

"आबांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. त्यांच्या पत्नीनं म्हणून बाटल्यांना गाठी मारल्या, तक्त्याच्या क्रमानं. तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीचे दोरे गळून पडले. गेल्या वर्षी आबांनी अंदाजानं बाटली उचलली, आणि सगळ्या राण्यांना लाल ठिपका दिला. सुतारांची लाल, बाईंची लाल. दोघांनाही चूक कळली होती."

"आबांना कोण सांगणार?" शिक्षिका हलक्या आवाजात म्हणाल्या. "कागदावर हिरवा आला तेव्हा वाटलं, लाल दिसूनही हिरवा लिहून सचिवांनी त्यांची लाज राखली."

"मलाही," सुतार म्हणाला.

"सामायिक पेटीतली खरी राणीही लालच असणार. मग ही हिरवी आली कुठून? ठिपका अशा माणसानं दिला, ज्याला आबांच्या राण्या लाल आहेत हे ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षीची राणी ज्याच्याकडे नाही, ज्यानं रंग पेटीत बघितला नाही, तक्त्यावर बघितला."

सचिवांचे हात टेबलावर होते. ते त्यांनी मांडीवर घेतले.

"माझ्या पाळीत मी झाकण नीट बसवलं नाही," ते म्हणाले. "आठवड्यानं गेलो तर सगळ्या माशा थिजून मेलेल्या. आबांनी दिलेली पेटी. मला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. घाटापलीकडून माशा आणल्या, राणीला रंग दिला. रोग असेल असं मनातही आलं नाही."

"आणि परवा हात वर केलात तेव्हा?" सुतारानं विचारलं.

मध्येच आबा बोलले.

"मला विचारायला हवं होतंस. थंडीत माझ्याही पेट्या मेल्यात. किती, ते कधी सांगितलं नाही. ती चूक माझी."

मग ते वहिनींकडे वळले. "पण माझ्या पेट्यांत रोग नाही, हे कशावरून? सडकी अळी तपकिरी होते म्हणतात. माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही."

"म्हणून उद्या आपण सगळ्या चाळीस पेट्या बघायच्या," वहिनी म्हणाल्या. "तुमचं नाक, बाकीच्यांचे डोळे."

सकाळी माशा शांत करायच्या धुराड्यात गवत भरलं गेलं. वहिनींनी पिशवीतली काड्यापेटी लेकीला परत दिली, आणि धुराडं तिनंच पेटवलं. सचिव सर्वांत मागे, झाकणं उचलायला उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, जा असंही कोणी म्हटलं नाही.

प्रत्येक पेटीवर आबा आधी वाकत. त्यांच्यानंतर सुतार, मग शिक्षिका. दोघं आपसूक आधी वास घेत, मग बघत.

"अळी पांढरी आहे, आबा. मोत्यासारखी."

चाळिसावी पेटी मिटेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटच्या पेटीत या वर्षीची नवी राणी होती, अजून कोऱ्या पाठीची. शिक्षिकेनं पाचही बाटल्या आणल्या आणि आबांच्या जागी आपण ठिपका द्यावा म्हणून हात पुढे केला.

"यंदाचा रंग कुठला?" आबांनी विचारलं.

"निळा."

आबांनी गाठी चाचपल्या नाहीत. पाचांतली निळी बाटली त्यांनी थेट उचलली.

"हा मला दिसतो," ते म्हणाले, आणि राणीवर वाकले.