मध आणि तूप

राणी धारवाडच्या सप्तापुरात आली होती बाटल्यांचा भाव विचारायला, आणि अडकली दुसऱ्याच्याच स्कूटरपाशी. स्कूटरच्या हँडलला मधमाश्यांचा भलामोठा घोस लटकत होता. गल्लीतली माणसं दारं लावून खिडक्यांतून बघत होती, आणि स्कूटरचा मालक एका काठीला पेटता बोळा बांधून पुढं सरकत होता.

"ओ अण्णा! खुळ्यागत काय करालाय? स्कूटर पेटंल की!"

तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली, शेजारच्या दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि सरळ त्याच्या हातात कोंबलं. "धरा. हलू नका."

"मी?"

"स्कूटर तुमचीच न्हवं?"

त्याची पाचावर धारण बसली होती, पण पळाला मात्र नाही. राणीनं उघड्या हातांनी तो घोस अलगद खोक्यात उतरवला. "घर शोधाय निघाल्यात बिचाऱ्या. पोटं भरलेली असत्यात, सहसा चावत न्हाईत. राणी आत गेली की बाकीच्या मागनं जात्यात."

"बरं... आणि तुमचं नाव?"

"राणी."

"चेष्टा करताय."

"आईनं नाव ठेवताना तुम्हाला विचारलं न्हाई, चुकलंच तिचं!"

तो हसला. चांगला हसायचा मेला, हे राणीच्या तिथंच लक्षात आलं. नाव सिद्धांत. नाशिकचा, गेल्या वर्षी इथल्या एका कॉलेजात मार्केटिंग शिकवायला आलेला.

मार्केटिंग! राणीला हवा होता तो माणूस खोकं धरून समोर उभा होता. अळणावरजवळच्या तिच्या गावात बायकांनी मधपेट्या पाळल्या होत्या. मध मात्र व्यापारी डब्यानं उचलायचा आणि स्वतःच्या नावानं विकायचा. राणीनं हट्ट धरला, की बाटली आपली, नावही आपलं. बायका कुरकुरत तयार झाल्या. गटातली सगळ्यांत वडीलधारी यल्लव्वा म्हणाली होती, "धारवाडच्या मेळ्यात खपला तर पेट्या ठिवू. न्हाई तर त्या व्यापाऱ्यालाच इकून टाकू, पोरी. आपला व्यापारी बरा." सुभाष रोडवरचे दुकानदार मुकुंदरावही तेच म्हणाले होते. मेळ्यात खपलेला बघतो, मग दुकानात ठेवतो.

सिद्धांत दर रविवारी गावाला यायला लागला. माश्यांना भ्यायचा, तरी यायचा. एकदा कानाच्या पाळीला माशी चावली. तो चिमटीत काटा धरायला गेला, तशी राणीनं त्याचा हात बाजूला केला. "चिमटीत नको. नखानं खरवडायचा." ती इतकी जवळ आली होती, की तिच्या केसांतला धुराचा वास त्याला आला असणार. काटा केव्हाच निघाला होता... तरी तिचं बोट तिथंच राहिलं.

"दुखतंय?"

"दुखतंय म्हटलं तर थांबाल?"

"लई शहाणे हाय तुम्ही," म्हणत राणी मागं झाली, पण गाल तापले ते तापलेच.

कन्नड शिकायची त्याला भारी हौस. चार शब्द आले की गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा! लेबलाचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. राणीनं फोनवर सांगितलं, "मोठ्या अक्षरांत जेनुतुप्प लिहा, दोन्ही भाषांत." गावात मराठी घरांतही मधाला तेच म्हणतात.

मेळ्यात त्यानं बाटल्या लावल्या, लेबलं गिऱ्हाइकांच्या बाजूला. राणी मागं उभी. लोक यायचे, बाटली उचलायचे, वाचायचे, दचकून खाली ठेवायचे. दुपार झाली, एक बाटली गेली नाही. यल्लव्वा रिकामी खोकी जवळ ओढायला लागली होती, आणि तेच राणीला जास्त लागत होतं.

शेवटी बेळगावच्या एक बाई म्हणाल्या, "बाई गं, हे कसलं विकालीस? मध नि तूप एका बाटलीत? विष होतंय की!"

राणीनं बाटली फिरवली. ठसठशीत अक्षरं होती, 'मध आणि तूप'. खाली कन्नडातही तेच, दोन शब्दांच्या मधे चांगला 'मत्तु', म्हणजे 'आणि', घालून.

"ओ सर! हे काय लिहिलंय?"

"जेनु म्हणजे मध, तुप्प म्हणजे तूप..."

"आणि जेनुतुप्प म्हणजे नुसता मध! तूप कुठनं आणलासा?"

सिद्धांतचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं... मी लेबलं खरवडून काढतो."

"सगळी? तोवर मेळा उठंल." राणीला रडू येत होतं, पण रडून मध खपत नाही. तिनं रंगीत पेन उचलला आणि 'आणि तूप'वर फुल्या मारत सुटली. कन्नडातल्या 'मत्तु'वरही मारल्या. "तुम्ही स्टुलावर चढा. चूक माझी म्हणून ओरडा, समद्यांना ऐकू जाईल असं. कन्नडात चुकीला 'तप्पु' म्हणत्यात. म्हणा, 'तप्पु नंदु'."

तो चढला. घाबरलेला, घामेजलेला, पण चढला. छाती भरून ओरडला,

"तुप्प नंदु! तुप्प नंदु!"

अख्ख्या मेळ्यात हशा फुटला. चूक माझी म्हणायला गेलेला माणूस, 'तूप माझं, तूप माझं' म्हणून बोंबलत होता! यल्लव्वा तर पोट धरून खालीच बसली. कोण हा तूपवाला, म्हणून माणसं धावली. राणीनं संधी सोडली नाही. हसणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर मधाचा थेंब ठेवत गेली. "तूप न्हाई हो, जेनुतुप्प! चाखा, मग बोला!"

संध्याकाळी टेबल रिकामं होतं. मुकुंदराव म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून दुकानात पाठवा." यल्लव्वानं डोळे पुसत सांगून टाकलं, "पेट्या कुठं जात न्हाईत आता."

सिद्धांत स्टूल आवरत होता. घसा बसला होता. "राणी... मी रविवारी माश्यांसाठी येत नव्हतो."

"ठाऊक हाय."

"तुम्ही मला फार आवडता."

राणीनं त्याचा मधानं चिकट झालेला हात धरला आणि सोडला नाही. "मलाबी. लई. पण तुमच्या घरी जय भीम, आमच्या देव्हाऱ्यात यल्लम्मा. आई लगेच हो म्हणायची न्हाई."

"मी थांबेन."

"थांबायचं न्हाई. यायचं. दर रविवारी यायचं, आईसमोर बसायचं, तिला पटूस्तोवर."

"आणि नाहीच पटलं तर?"

राणीनं यल्लव्वाकडं बघितलं, रिकाम्या टेबलाकडं बघितलं, आणि ओढणी खोचली.

"अख्ख्या गावच्या बायका पटवल्या मी. आई तर माझीच हाय."