पिंडापुढचा शब्द

सुशांतच्या दहाव्याला पुढारी मधुकररावसाहेब मुलुंडच्या स्मशानात आले ते मागे कॅमेरेवाले घेऊनच. युद्ध व्हायलाच हवं म्हणून ह्याच गृहस्थांनी चौकाचौकांत घसा फोडला होता. लढायला गेला चाळीतला सुशांत, आणि तिकडेच बर्फात संपला. साहेबांचा धवल? त्याला बापानं आधीच सिडनीला शिकायला धाडलेलं. हुशार माणूस हो!

ओट्यावर पिंड मांडून झाले. वारा साफ पडला होता, ओल्या राखेचा वास नाकात बसला होता. भिंतीवर कावळे ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मेलेल्याचं मन कशात अडकलं की कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी एकेक शब्द द्यायचा असतो.

"काय रवला रे तुझा, झिला?" आईनं, सुगंधाबाईंनी विचारलं. "तुझी बाईक नाय विकणार… प्रांजलला शिकवीन…"

कावळे ढिम्म.

साहेबांना पुढचा कार्यक्रम होता. ते पुढे सरसावले, हात जोडले. "सुशांत, आम्ही सूड घेऊ! तुझा धाकटा भाऊ प्रांजलही लढायला जाईल!"

भर्रकन सगळे कावळे उडून पिंपळावर गेले. सुगंधाबाईंनी प्रांजलचं मनगट गच्च धरलं. आता तेवढाच उरला होता त्यांना.

"ओ साहेब," सुशांतच्या नंदूमामाचा आवाज चढला, "आमच्या घरातला एक दिला ना? आता तुमच्या धवलचं नाव घ्या की!"

कॅमेरे साहेबांच्या तोंडावर आले.

"हो हो… माझा धवलही जाईल!" बोलायला काय जातंय? सिडनी कुठे, हा ओटा कुठे.

एकच कावळा खाली आला. भाताला चोच लावली, साहेबांकडे टक लावून पाहिलं आणि उडाला. लोक हुश्श करून उठले. साहेबांच्या मानेवरून मात्र काहीतरी गार सरकत गेलं.

दुपारी ते जेवायला बसले, तोच धवलचा फोन आला.

"बाबा… दारात एक मुलगा आलाय. मालवणी बोलतोय. म्हणतो, साहेबांनी शब्द दिलाय… न्यायला आलोय."

"दार उघडू नकोस!"

"उघडलं मी… बाबा, इथे उकाड्यानं जीव जातोय, आणि ह्याच्या खांद्यावर बर्फ आहे… बूट आणलेत त्याने."

"धवल, हात लावू नकोस त्यांना!"

"घातले… बरोब्बर माझ्या मापाचे आहेत."

फोन बंद. पुन्हा लावला, लागेना. घाम पुसत साहेबांनी चाळीत फोन केला. भाषणं ठोकणारा तो आवाज आता रडत होता. "सुगंधाताई, पाया पडतो तुमच्या… सुशांतला सांगा, माझा एकुलता एक आहे हो…"



"आता कसा सांगू, साहेब?" सुगंधाबाई हळूच म्हणाल्या. "कावळो शिवलो ना."

साहेबांनी फोन खाली ठेवला. जेवणाच्या ताटापासून दारापर्यंत फरशीवर बुटांचे ओले ठसे उमटले होते. दोन जोड्यांचे… आणि दोन्ही बाहेर जाणारे.