टायरमागची वीतभर जागा

"या जगात माझ्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नाही," असे जाहीर करून गुप्तहेराने सिस्टरांच्या फाटकाकडे पाऊल टाकले, ते नेमके कुत्र्याच्या विष्ठेत. त्याचे सोबती मास्तर सभ्यपणे खांबावरची पालिकेची पाटी वाचू लागले: कचरागाडीत गाद्या व फर्निचर घेतले जाणार नाही.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. घरापुढच्या अंगणात लावलेली त्यांची गाडी फुटपाथवर वीतभर येते म्हणून तीन आठवड्यांत दोन नोटिसा आल्या होत्या. तिसरी आली की नियमाप्रमाणे फाटकापुढचा उतार फोडणार. मग चाकाच्या खुर्चीतल्या नवऱ्याला डायलिसिसला न्यायचे कसे? निरीक्षक आज पाचला पुन्हा येणार होता.

"बावीस वर्षं भिंतीवरच्या टायरला गाडी टेकवते मी," सिस्टर म्हणाल्या. "टेकली म्हणजे आत. मेल्यांनी रेघच सरकवलीय."

गुप्तहेराने ओणवे होऊन फुटपाथची पांढरी रेघ पाहिली. रंगाचे थरावर थर, त्यांत वर्षानुवर्षांचे थुंकलेले च्युइंगम. त्याने तोंड वाकडे केले.

आत भिंतीवर ट्रकचा टायर टांगलेला होता. मास्तर जवळ गेले तोच एक गलेलठ्ठ उंदीर टायरमागे शिरून दिसेनासा झाला. ओल्या कापसाचा कुबट भपकारा आला. मास्तरांनी नाकाला रुमाल लावून गुप्तहेराकडे तक्रार नोंदवली.

सिस्टरांचा संशय शेजारच्या दंतवैद्यावर. त्याने आपले अंगण दाखवले. जागा चार गाड्यांची, उभी एक, तीही त्याचीच. "पेशंटच फिरकत नाहीत. आणखी जागा घेऊन काय चाटू?"

वरच्या मजल्यावर सिस्टरांचे दीर पाठदुखीसाठी आणलेल्या नव्याकोऱ्या गादीवर लोळत होते. त्यांची गाडी दोन गल्ल्या पलीकडे असते. वहिनींचे फार वाईट वाटते, म्हणाले. उतार गेला की समोरची जागा सार्वजनिक होणार, मग तिथे कोणीही गाडी लावेल. गुप्तहेराने पाठीची चौकशी केली. नव्या गादीने आराम होता. आणि जुनी?

"महिन्यापूर्वीच कचरागाडीत दिली."

साडेचारला गुप्तहेराने सगळ्यांना टायरपाशी जमवले.

"रेघ जुनीच आहे. सिस्टरांची सवयही जुनीच. मग बदलला तो टायर. भिंतीला चिकटलेल्या टायरमागे उंदीर मावत नाही, मास्तर. मागे पोकळी आहे, आणि पोकळीत कापूस. कचरागाडी गाद्या घेत नाही, मग यांची गेली कुठे? टायरची सवय घरच्यांनाच ठाऊक. आणि उतार फुटला की दारातली जागा कोणालाही मिळेल, हे यांनीच सांगितलं. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागते तीही यांनाच."

त्याने टायर उचलला. सुतळीने करकचून बांधलेली, डागाळलेली गादीची वळकटी खाली पडली. तिच्यातून उंदराची गुलाबी पिल्ले वळवळत बाहेर आली. मास्तरांनी पुन्हा रुमाल काढला.

"रोज अर्धा किलोमीटर चालतो मी," दीर पुटपुटले. "पाठीचा त्रास..."

खुर्चीतला भाऊ गादीकडे पाहत राहिला. "चालतोस ना," तो म्हणाला.

"मी खून पाहिलेत," गुप्तहेर म्हणाला, "पण इतकी किळस कधी आली नाही."

सिस्टरांनी गाडी पुन्हा टायरला टेकवली. पाचला निरीक्षकाने टेप लावला, काही न लिहिता वही मिटली आणि निघून गेला. सिस्टरांनी डोळे पुसले. तुमचे उपकार कसे फेडू, असे त्यांनी विचारले.

गुप्तहेराने एक पाय उचलून धरला.

"एखादी काडी असेल तर द्या. खाचांतलं अजून निघत नाहीये."