धरून ठेवा

सीटी मशीनमधून "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" असं जे ऐकू येतं, तो आवाज माझा. कंपनीचा मूळ आवाज ऐकून पेशंटना हसू फुटायचं, आणि माणूस हलला की हृदयाचं चित्र फिसकटतं. मशीन मीच चालवतो, म्हणून मी माझा आवाज भरला. आई म्हणते, जगात तुझं ऐकतात ते तिथेच, तेही हलायची परवानगी नसते म्हणून.

त्या सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आले. बायपासनंतर पुन्हा छातीत दुखत होतं. बसवलेल्या तीन नव्या वाहिन्यांतून रक्त जातंय का, हे छाती न उघडता बघायचं होतं. दुसरं ऑपरेशन त्यांना झेपणार नाही, असं सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं.

काका मात्र मजेत. बाहेरच्या बाकावरच्या काकूंकडे बोट दाखवून म्हणाले, "ऑपरेशनपासून ही एक अक्षर बोललेली नाही. आधी घरात रेडिओ होता! माझी छाती उघडली, हिचं तोंड बंद झालं. फिट्टंफाट."

"रुसल्यात का?"

"विचारलं की नुसती मान हलवते."

काकू ओठ गच्च मिटून बसल्या होत्या. गाल किंचित फुगलेले.

काकांना टेबलावर घेतलं, छातीला ईसीजीच्या वायरी लावल्या, हातातल्या सुईतून, रक्ताची वाट पडद्यावर दिसावी म्हणून, डाय सोडला. माझा आवाज म्हणाला, धरून ठेवा. काकांनी धरला.

पडद्यावर दोन वाहिन्या लख्ख भरल्या. तिसरी मुळापासून टोकापर्यंत बंद, वाळलेल्या वेलीसारखी. पण तिच्या पलीकडे रक्त व्यवस्थित पोचत होतं.

डॉक्टरबाईंनी चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. "दुसरीकडून वाट काढली असेल."

"कुठून, मॅडम?"

"तेच तर दिसत नाहीये." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "पण पोचतंय ना? मग ऑपरेशन नको. जाऊ दे त्यांना घरी."

ही बातमी सांगायला मी दार उघडून बाहेर आलो. मागे काकांच्या ईसीजीची टिकटिक चालू होती. काकू तशाच बसलेल्या. जवळ गेल्यावर लक्षात आलं, त्यांची छाती हलत नव्हती. नाकपुड्याही नाहीत.

काही सुचेनासं झालं की मी विनोद करतो. मशीनच्या सुरात म्हणालो, "काकू, आता सोडा."

त्यांना हसू आलं. ओठांच्या फटीतून जरासं फुस्स झालं.

मागची टिकटिक थांबली.

काकूंनी दोन्ही हात तोंडावर दाबले.

टिक.

टिक.

त्यांचे डोळे भरून आले होते. मी हळूच म्हणालो, "धरून ठेवा." त्यांनी मान हलवली.

जरा वेळाने काका शर्टाची बटणं लावत आले. "अगं, ऑपरेशन नको म्हणाले! आता तरी बोल!"

काकूंची मान आडवी हलली.

"बरं, बरं." त्यांनी मला डोळा मारला आणि तिला लिफ्टमध्ये नेलं. "हिला हसवायची युक्ती आहे माझ्याकडे."

मी धावलो. दार मिटता मिटता दिसलं, ते गुदगुल्यांसाठी बोटं नाचवत होते.