हुकाला थापलेला शेंदूर

डोंबिवलीच्या कारखान्यात क्रेनचा हूक तुटला. खाली काम करणारी भागीरथी जागीच गेली. क्रेन चालवत होता तिचा नवरा, नाथा कोळी.

हुकाचा तुकडा घेऊन इन्स्पेक्टर शेलार ठाण्याच्या प्रयोगशाळेत आले. डॉ. सुमेधा कर्णिकांचं निम्मं आयुष्य तिथल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसमोर गेलं होतं.

"कारखाना म्हणतो, नाथाने झटका दिला. नाथाही तेच म्हणतो. 'साहेब, मीच मारली तिला.' जामीनसुद्धा मागत नाही."

"तुटलेली बाजू कुणी पुसली नाही ना?"

"नाही. तिथेच सील केली."

सुमेधाने तुकडा यंत्रात ठेवला. हिरव्या पडद्यावर अर्ध्या भागात बारीक रेषा दिसल्या, एकीपुढे एक. उरलेला भाग ओरबाडल्यासारखा. रेषांमध्ये काही कण अडकले होते. यंत्राने सांगितलं, शिसं.

दुसऱ्या दिवशी ती शेलारांबरोबर कारखान्यात गेली. हवालदाराने नाथालाही आणलं होतं. फोरमन सुधीर टिपणीस खुर्चीत बसून होता.

"हूक कधी रंगवला होता?"

"कधीच नाही. कोरं लोखंड. दसऱ्यानंतर लगेच सरकारी तपासनीस बघून गेले."

"चीर नव्हती?"

"अहो बाई, असती तर त्यांना दिसली नसती? त्यांचे डोळे काय फुटलेत?"

"दसऱ्याची पूजा कोण करतं?"

"मीच. हुकाला दुसऱ्याचा हात लागू देत नाही."

"नाथा, यंदा काय लावलेलं?"

नाथा खालीच बघत होता. "मशीनींना कुंकू. हुकाला शेंदूर. मानेला गच्च थापलेला."

"दरवर्षी?"

"नाय. कुंकूच असायचं."

टिपणीस हसला. "मग? मारुतीला नाही थापत?"

"मारुतीची चीर लपवायची नसते, टिपणीस."

त्याचं हसू गेलं.

"हूक एकदम तुटला नाही," सुमेधा म्हणाली. "रोजच्या ओझ्याने अर्धी मान आधीच चिरत आली होती. त्या जुन्या चिरेत खोलवर शिसं सापडलं. या पोलादात शिसं नाही, शेंदरात असतं. त्या दिवशी नव्याने तुटलेल्या भागात मात्र त्याचा कणही नाही. म्हणजे शेंदूर लागला तेव्हा चीर उघडी होती. तुम्ही ती पाहिलीत आणि बुजवलीत. पूजेचा हूक तपासनीस खरवडणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

टिपणीसने रुमालाने तोंड पुसलं. "नवा हूक यायचा होता हो. थोडे दिवस काढायचे होते फक्त."

शेलार उठले.

"म्हणजे माझा झटका..." नाथा म्हणाला.

"तुझ्या झटक्याशिवायही तुटला असता. तू नाही मारलंस तिला, नाथा."

नाथाला सुटल्यासारखं वाटलं असेल, असं सुमेधाला वाटलं. पण तो टिपणीसकडे बघत होता.

"शेंदूर तेलात कालवला कोनी, ठाव हाय ना तुमाला?" तो म्हणाला. "भागीनं. वाटी तुमीच दिलेली तिच्या हातात."