दाराकडे तोंड केलेल्या चपला

वाळवंटात मला एक परका पुरुष भेटला, आणि आवडलाही. या वयात असं काही सांगू नये म्हणतात, पण झालं ते झालं.

सकाळ होती. आमच्या मुक्कामाच्या फाटकापाशी जीप उभी होती. आमचे हे "आलोच" म्हणून समोरच्या दुकानात शिरले ते तिकडचेच झाले. मी मागच्या सीटवर, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. कपाळाला आठी. तेवढ्यात दाराशी एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. डोक्याला निळं फडकं गुंडाळलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात पिवळाधमक शर्ट. उभं राहण्याची ढब अशी ऐटदार, की माझा हात आपोआप केसांकडे गेला.

"इथं कुणी बसलंय का?" त्यांनी विचारलं.

आवाज ऐकला आणि मी बाटलीच पाडली. ते आमचे हेच होते. ज्यांनी जन्मभर करड्याखेरीज दुसऱ्या रंगाचा शर्ट घातला नाही, कारण करड्यावर छापखान्याची शाई दिसत नाही, त्यांनी दुकानात उभ्या-उभ्या कात टाकली होती.

मी ओळख द्यायची नाही असं ठरवलं. किती महिन्यांनी ते असे मिस्कील दिसत होते...

"नवऱ्याची जागा आहे," मी म्हटलं. "पण ते हरवलेत. बसा."

"शोधायचे का त्यांना?"

"राहू द्या. भूक लागली की येतील."

जीप चालवणाऱ्या बाईंनी आरशातून आमच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली.

आमची गोष्ट तशी साधीच. हे वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला, मी इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत, पहाटेची ड्यूटी. ते घरी यायचे तेव्हा मी निघायचे. सगळा संसार आम्ही उंबरठ्यावरच केला म्हणा ना. मुलगा दिवसा त्यांच्याकडे, रात्री माझ्याकडे. "निवृत्त झालो की पोटभर गप्पा मारू" असं दोघंही म्हणायचो. मग दोघंही निवृत्त झालो, आणि कळलं की बोलायला काही सुचतच नाही. ते पेपरमागे, मी ओट्यापाशी. फडताळातले डबे त्यांनी हलवले की मी चिडायचे, मी पंखा बंद केला की ते. बाकी सगळं शांत. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

ताई कधीची म्हणत होती, ये माझ्याकडे राहायला. या सहलीहून परतलो की जायचं, आणि आज संध्याकाळी यांना तसं सांगायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आधी आम्ही मिठाचं मैदान बघितलं. पांढरंशुभ्र, पायाखाली कुरकुरणारं. मग एक खडक, ज्याला वाऱ्यानं आरपार भोक पाडलंय. गाडीवाल्या बाई त्याला खिडकी म्हणत होत्या. पिवळ्या शर्टानं मला खिडकीत बसवून फोटो काढला.

"तुमचे यजमान नशीबवान आहेत हो."

"हे त्यांना कधी सांगाल का?"

"त्यांना ठाऊक असेल. सांगता येत नसेल."

"का? जिभेला काय झालंय?"

"छापखान्यातले ना ते? तिथं मशीन सुरू झालं की ओरडूनही ऐकू जात नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. सवय मोडते माणसाची..."

एवढं लांबलचक वाक्य आमच्या घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मला वाटलं, हा परका माणूस बरा आहे, याच्याशी बोलता येतं. खडकाच्या सावलीत बसलो, आणि जे नवऱ्याला विचारता आलं नाही ते मी त्याला सांगून टाकलं.

"मी त्यांना घरात नकोशी झालेय."

फडक्याची गाठ सारखी करता-करता त्यांचा हात थांबला. "कशावरून?"

"रोज सकाळी माझ्या उंबरठ्याआतल्या चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असतात. नोकरी होती तेव्हा ठीक होतं, मला निघायचंच असायचं. आता कुठं जायचंय मला? तरी रोज... जणू काही, निघ बाई एकदाची. मीही ठरवलंय मग. ताईकडे जाणार आहे. राहायलाच."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. खेळ तिथंच मोडला. पुढचा सगळा रस्ता मी बाहेर बघत होते आणि स्वतःलाच बोल लावत होते. चांगला दिवस होता, कशाला तोंड उघडलं?

वाळूची टेकडी मोठी होती. बाईंनी सांगितलं, चपला खालीच काढा, अनवाणी सोपं जातं. दोन पावलं वर जावं तर एक खाली घसरावं. अर्ध्यावर माझा दम गेला. त्यांनी मागं न बघता हात पुढं केला, मी धरला. बोटांच्या कडेला शाईचा काळा डाग अजून होता, तो काही केल्या जात नाही. वर पोचलो तर वारा इतका, की कानात नुसता घोंगावत होता. त्यांनी माझ्याकडे बघून मूठ मिटली आणि उघडली. हा त्यांच्या छापखान्यातला हातवारा, मला माहीत होता. सगळं ठीक आहे, चालू दे.

मग आम्ही तिथं ठेवलेल्या लाकडी फळीवर बसून खाली घसरलो! पुढं मी, मागं ते. मी सगळा वेळ "अहो, अहो" ओरडत होते, परक्या माणसाला कुणी असं ओरडत नाही. खाली येऊन दोघंही वाळूत लोळलो. माझ्या तोंडात वाळू, त्यांचा चष्मा कुठल्या कुठं. इतके हसलो की पोट दुखलं.

ते आधी उठले. चपलांपाशी जाऊन गुडघ्यांवर बसले. माझ्या चपलांतली वाळू झटकली आणि नीट मांडल्या. तोंड जीपकडे.

"बघा," मी म्हटलं. "परत तेच."

ते वर न बघताच बोलायला लागले. "तू फार घाईत असायचीस गं. चपला उलट्या असल्या की खाली बघत, एका पायावर नाचत त्या सरळ करायचीस, आणि तशीच पळायचीस. मी दारात उभा असायचो, तुला पत्ताही नसायचा. एकदा त्या चुकून दाराकडे तोंड करून राहिल्या होत्या. तुझे पाय आपोआप आत गेले... आणि तू वर बघितलंस. माझ्याकडे बघून हसलीस. तेवढंच मिळायचं मला दिवसाचं. मग मी रोज आत आल्या-आल्या आधी तुझ्या चपला वळवायचो, मग माझ्या काढायचो."

"पण आता?" मी कसंबसं विचारलं. "आता तर मी दिवसभर घरातच असते."

"असतेस. पण वर बघत नाहीस. म्हटलं, चपलांनी जमलं तर बघू."

डोळ्यांत वाळू गेली असं मी सांगितलं, त्यांनी ते खरं मानलं नाही. त्या सगळ्या सकाळींमध्ये कुणीतरी माझी वाट बघत उभं होतं, आणि मी ते फुकट घालवलं नव्हतं. न कळत का होईना, मी रोज हसले होते. मला इतकं भरून आलं, इतकं मिळालेलं असल्यासारखं वाटलं, की कुणाचे आभार मानावेत ते समजेना.

"ताईकडे जायचं असेल तर जा," ते हळूच म्हणाले. "मी अडवणार नाही."

"त्या चपला फिरवा आधी."

"कुठं?"

"तुमच्याकडे."

त्यांनी एक-एक चप्पल उचलली आणि स्वतःकडे तोंड करून ठेवली, आणि ते उभे राहिले. मी त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन पाय आत घातले. मग वर बघितलं.

पलीकडून गाडीवाल्या बाईंनी हॉर्न दिला. थोड्या वेळानं आणखी एकदा दिला. आम्ही तिथंच उभे होतो.