हाफ क्लचवर अठ्ठावीस दिवस

लिंबू टायरखाली फुटतं तेव्हा आवाज होत नाही. वास येतो.

उभ्या शाळूच्या रानातून लाल रंग फार लांबून दिसतो.

मेंढरं थांबवायची असली की आमच्यात जिभेनं एक आवाज काढतात. तो कागदावर लिहिता येत नाही.

फौजेतली अठ्ठावीस दिवसांची रजा अठ्ठावीसच दिवसांची असते.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीसुद्धा एक क्लच आणि एक ब्रेक असतो.

*

ही शेवटची गोष्ट मला शोरूमच्या दारात कळली.

गाडी माझी होती. मी प्रांजल, जनावरांची डॉक्टर. नोकरी मिरजेजवळच्या दवाखान्यात, राहायला सांगलीत विश्रामबागला एका खोलीत. चार वर्षं स्कूटरवर पायाशी औषधांची पेटी ठेवून वस्त्या-वस्त्या फिरले, आणि मग ही घेतली. आखूड नाकाची, काळ्या छपराची, लाल. सीटवर लाल दोऱ्याची शिलाई, मागे छोटासा स्पॉयलर, आणि गिअरच्या शेजारी 'स्पोर्ट' लिहिलेलं एक बटण. गरज होती का म्हणाल तर... नव्हती. आवडली होती.

गाडी न्यायला आप्पा कवठे महांकाळहून पहिल्या एसटीनं आले होते. आप्पा म्हणजे माझे वडील, नानासो. उभा जन्म मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं,

"ह्यात किती मेंढरं बसत्यात?"

"एक बी न्हाई, आप्पा."

"मग एवढी लाल कशाला?"

बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फुटला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी बसले, गाडी चालू केली, क्लच सोडला — गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. परत चालू. परत बंद. तिसऱ्या उडीला लिंबं फुटली आणि गाडी तिथंच थांबली.

पंधरा दिवसांच्या क्लासमध्ये माझ्या हातून गाडी एकदाही बंद पडली नव्हती. कारण पंधरा दिवस ती मास्तर चालवत होते. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसले होते.

(आभार, मास्तर. तुम्ही नीट शिकवलं असतं तर मी तशीच निघून गेले असते.)

काचेवर टकटक झाली. बारीक कापलेले केस, हातात सर्व्हिसिंगचा कागद. तो वाकून म्हणाला,

"मॅडम, लिंबू मेलंय. आता पुढं जायला हरकत न्हाई."

तोंड सरळ होतं. डोळे मात्र...

"तुमच्या वाटेत आहे का मी?"

"व्हय. पर घाई न्हाई. आजचा धरून अठ्ठावीस दिवस हाईत माझ्याकडं."

आप्पा पुढं आले. "कुठलं म्हणायचं?"

"आष्ट्याचा. वीरधवल. फौजेत ड्रायव्हर हाय, सध्या लेहला. चुलत्यांची गाडी सर्व्हिसिंगला आणलीया, ती आता संध्याकाळीच मिळणार."

"फौजेत गाडी चालवता?"

"ट्रक."

आप्पांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले. "मग ही हलकीच वाटंल तुमाला. घ्या. घरच्या देवाला दाखवून परत आणू."

मी बाजूच्या सीटवर सरकले. माझ्याच गाडीत, पहिल्याच दिवशी, पाहुणी. मिरज मागं पडलं तसा रस्ता मोकळा झाला. माझं बोट त्या बटणापाशी गेलं.

"हे दाबून बघा की."

"मी न्हाई."

"का?"

"पहिल्यांदा तुमी दाबायचं. गाडी तुमची हाय."

मागच्या सीटवर आप्पा खोकले. गावात उतरताना आप्पाच म्हणाले, "हिला शिकवा की. रजा हाय न्हवं?"

*

सकाळी साडेसहा. आष्ट्याहून तो मोटारसायकलवर येई. कानाला मफलर, अंगाला थंडीचा वास. हळदीच्या पेठेकडून येणारा वारा पिवळा असतो असं मला त्या दिवसांत वाटायचं. काचेवर दव साचलेलं असे. तो ते वायपरनं कधी पुसत नसे. उतरून हातानं पुसायचा, माझ्या बाजूची काच आधी.

सहाव्या दिवशी समोर उसाची ट्रॉली आली. दोन ट्रॉल्या, एकामागं एक, डोलणाऱ्या. ती अचानक थांबली. माझा पाय ब्रेकवर जायला हवा होता. पाय जागेवरच राहिला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला — मेंढरं थांबवायचा.

त्यानं हँडब्रेक ओढला. उसाची शेंडी काचेपासून वीतभर.

तो म्हणाला, "ते काय हुतं?"

"...थांबवायचा आवाज."

"थांबली का?"

"नाही."

"नवीन मेंढरू हाय. सवय व्हायला वेळ लागंल."

मी हसायला लागले ते थांबेनाच. तोही हसला. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि आम्ही दोघं हसत होतो.

*

सोळावा दिवस. दंडोबाच्या डोंगराची चढण. मध्येच त्यानं गाडी थांबवायला लावली.

"आता ब्रेक सोडा. क्लच अर्धाच."

"मागं जाईल."

"न्हाई जात. मी हाय."

ब्रेक सोडला. गाडी पुढंही जाईना, मागंही येईना. जागेवर नुसती थरथरत राहिली. माझ्या डाव्या पायाची थरथर गाडीत गेली होती, का गाडीची पायात, कळत नव्हतं.

"किती वेळ धरायचं असं?"

"लय वेळ न्हाई." तो खिडकीबाहेर बघत होता. "क्लच जळतो."

बारा दिवस उरले होते. आष्टा आणि माझं गाव एकाच जिल्ह्यात आहेत; पण त्यांच्याकडे कृष्णेचं पाणी आणि ऊस, आमच्याकडे शाळू आणि मेंढरं. त्यांची सोयरीक कृष्णाकाठानं फिरते, आमची माळानं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती कधी गेली असल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. आणि मी काही बोलले नाही, तर तो 'काळजी घ्या डॉक्टर' म्हणून लेहला जाणार होता. एवढंच. गाडी शिकवून होणार होती.

मी क्लच सोडला. चढ चढलो.

*

एकविसावा दिवस, रविवार. गावापर्यंत गाडी मी आणली. अंगणात उभी केली, एकदाही बंद न पाडता. आई — हरणाबाई — चुलीपाशी होती. तिनं शेजारी हाक दिली:

"बनुबाई, पावणं आल्यात गं. वाईच साखर दे."

आमच्याकडे घरात येईल तो पावणाच. विजेचं मीटर बघायला येणारासुद्धा पावणा. पण घरात लग्नाची मुलगी, रविवारची सकाळ, दारात नवी लाल गाडी... अशा वेळी त्या शब्दाचा एकच अर्थ होतो.

बनुबाईंनी साखर आणलीच नाही. आणली ती पोह्यांची परात, दोन जावा आणि सासरे ज्ञानूतात्या. तात्यांच्या हातात नवा टॉवेल आणि टोपी. कुणी काही म्हणायच्या आत वीरधवलच्या कपाळाला कुंकू लागलं, टॉवेल खांद्यावर आला आणि टोपी डोक्यावर बसली.

"पावणं, रान किती?"

"चार एकर," तो पोह्यांचा घास गिळून म्हणाला. "ऊस."

"पाणी?"

"नदीचं."

"ब्येस. अन् पोरगी पसंत हाय न्हवं?"

घास अडकला. जावांनी पदर तोंडाला लावले. मी दारात उभी होते, तिथूनच म्हणाले, "तात्या, ते गाडी शिकवायला आल्यात."

आप्पा गाडीच्या टायरकडे बघू लागले. ज्ञानूतात्या म्हणाले, "मग ह्ये आदी सांगाय नगं व्हय?"

वीरधवलनं टोपी काढली. दोन्ही हातांनी घडी केली.

"मग... ही परत करू?"

विचारलं आप्पांना. बघत होता माझ्याकडे.

"दिल्याली टोपी कोण माघारी घेतंय?" आप्पा टायरकडेच बघत म्हणाले. "ऱ्हावू द्या."

सांगलीला परतताना टोपी डॅशबोर्डवर होती. शिरढोणपाशी तो म्हणाला,

"आप्पा ऱ्हावू द्या म्हणाले. तुमचं काय म्हणणं?"

मी गिअर बदलला. तिसरा टाकला. गरज नव्हती.

(आभार, बनुबाई. साखर आणली असतीत तर चहा पिऊन आम्ही उठलो असतो.)

*

सव्विसाव्या दिवशी मला पक्कं लायसन्स मिळालं. सत्ताविसाव्या दिवशी मी विचारलं, "उद्या मिरजेलाच रेल्वे पकडणार ना?"

"मिरजेला मिळती. साताऱ्याला बी थांबती."

"सातारा सव्वाशे किलोमीटर आहे."

"त्येच म्हणतोय."

*

अठ्ठाविसावा दिवस. साताऱ्याच्या वाटेत आष्टा. त्याची पेटी घ्यायला घरी थांबलो. त्याची आई, रंगूबाई, ओट्यावर उभ्या. आतल्या खोलीत देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर तो टॉवेल आणि ती टोपी नीट टांगलेली होती. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. हातात एक खण आणि नारळ दिला.

"मावशी, मी नुसती गाडी चालवायला आलेय."

"व्हय, व्हय. त्यो बी नुसता शिकवायलाच गेलता न्हवं?"

पेठ नाक्याच्या पुढं हायवे लागला. चार पदरी, सरळ, दोन्ही बाजूंना ऊस.

"आता दाबा," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. इंजिनाचा आवाज खाली उतरला, जाड झाला. गाडीनं श्वास घेतला आणि मला सीटला टेकवलं. सत्तावीस दिवस मी हिला घाबरत होते. ती माझीच वाट बघत होती. कराड येईपर्यंत त्यानं मला हळू चालवा म्हटलं नाही, जोरात चालवा म्हटलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला, जसं स्वतःच्या घरात बसावं. माझ्यावर इतका विश्वास आधी कुणी टाकला नव्हता. आप्पासुद्धा मागच्या सीटवर हँडल धरून बसतात.

माहुलीला, सातारा स्टेशनबाहेर, त्यानं पेटी उतरवली. दुपारचे दोन. गाडीला वीस मिनिटं. ऊन पेटीच्या पत्र्यावर पडलं होतं, त्यावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव.

"चला डॉक्टर. काळजी..."

"पुढच्या रजेत तुम्ही शिकवायला यायचं नाही," मी म्हणाले.

तो थांबला. "का? चुकलं काय?"

"नाही. मला येतं आता."

"मग?"

"मग... नुसतं यायचं."

"नुसतं?"

"मावशींना घेऊन."

त्यानं पेटी खाली ठेवली. परत उचलली. परत ठेवली. शेवटी म्हणाला, "ह्ये इचारताय का सांगताय?"

"सांगतेय."

"सहा महिने हाईत त्याला."

"मला माहीत आहे. मोजता येतात मला."

तो हसला नाही. पेटीवरचा हात उचलून त्यानं माझा हात धरला. स्टिअरिंगवर कितीदा त्यानं माझा हात वळवला होता. हा वळवत नव्हता. नुसता धरून होता.

"लय झालं," तो म्हणाला. "म्हंजे... लय बरं झालं. मला बोलाय येत न्हवतं."

गाडी आली आणि गेली.

उंब्रजजवळ बाजूला थांबून मी आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं, न अडखळता. पलीकडे मेंढरांचा आवाज येत राहिला. आप्पा नव्हेत, मेंढरंच बोलतायत असं वाटावं इतका वेळ.

"त्यांच्यात मेंढरं पाळत्यात का?"

"न्हाई, आप्पा. म्हशी हाईत."

"हं. म्हशीला मी वाईट म्हणत न्हाई."

मी फोन मांडीवर ठेवला आणि रडले. मग आरसा नीट केला, इंडिकेटर दिला, आणि मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं मला जागा दिली. त्या ट्रकवाल्याचे आभार. आप्पांच्या म्हशींवरच्या मताचे आभार. ज्या दिवशी गरज नसताना मला काहीतरी लाल आवडलं, त्या दिवसाचे आभार.

लग्नाच्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला होती.